नाशिकमधून परदेशी पदवीप्रवेश: परीक्षा कोणत्या, कधी आणि कशा

दहावीचा निकाल लागला की गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये एक प्रश्न फिरायला लागतो: "बारावीनंतर बाहेर पाठवायचंय, सॅटचा चांगला क्लास कुठला?" हा प्रश्न शेपटाकडून धरलेला आहे. इथे जेईई किंवा नीट म्हटलं की सगळ्यांची एकच वाट असते. परदेशात तसं नाही. अमेरिकेतलं एक विद्यापीठ सॅटशिवाय, म्हणजे तिथल्या पदवीप्रवेशाच्या चाचणीशिवाय, अर्ज पूर्ण धरत नाही, दुसरं सॅटचे गुण पाठवले तरी बघत नाही. जर्मनीत तर आपल्या बारावीवाल्याला उलट जेईई अॅडव्हान्स्डबद्दल विचारतात. त्यामुळे आधी देश, मग विद्यापीठांची यादी आणि त्यानंतर परीक्षा, असा क्रम ठेवा. तो उलटा झाला की मुलगा अकरावीभर तीन क्लास करतो आणि त्यातले दोन कुणालाच नको असतात.

यादी कशी करायची

आठ-दहा विद्यापीठं निवडा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय अर्जदारांचं पान असतं आणि त्यात बहुतेक वेळा भारतासाठी वेगळा परिच्छेद असतो. तिथून चार गोष्टी एका कागदावर उतरवा: बारावीला किती टक्के आणि कोणत्या विषयांत, कोणती प्रवेश परीक्षा, इंग्रजीचा कोणता पुरावा आणि शेवटची तारीख. हे काम मुलानं स्वतः करायचं. कॅनडा कॉर्नरपासून कॉलेज रोडपर्यंत सल्लागारांच्या पाट्या कमी नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. ज्यांच्याकडून ते मिळत नाही, उदाहरणार्थ जर्मनीची सरकारी विद्यापीठं, त्यांची नावं तिथे क्वचितच आपणहून निघतात. सल्ला जरूर घ्या, पण यादी हातात घेऊन जा.

अमेरिकेचं चित्र गेल्या काही वर्षांत दोनदा पालटलं. कोविडच्या काळात बहुतेकांनी सॅट ऐच्छिक केली. मग एमआयटीनं २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, ब्राऊन, कॅलटेक, डार्टमथ त्याच वाटेनं गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे संकुलं मात्र प्रवेश देताना हे गुण बघतच नाहीत. बाकी शेकडो ठिकाणी परीक्षा ऐच्छिक आहे. माझं मत विचाराल तर स्टेट बोर्डाच्या मुलानं ऐच्छिक ठिकाणीही चांगला स्कोअर असेल तर पाठवावाच. आपल्या एचएससीच्या ८५ टक्क्यांचं वजन तिकडच्या वाचणाऱ्याला चटकन कळत नाही, सॅटचे १४५० त्याला लगेच कळतात.

ब्रिटनमध्ये अर्ज यूकास या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातो. बहुतेक अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षाच नसते, बारावीचे गुण आणि इंग्रजी एवढ्यावर काम होतं. पण काही विद्यापीठं स्टेट बोर्डाला सीबीएसई किंवा आयएससीपेक्षा जास्त टक्के मागतात, आणि अगदी वरच्या काही ठिकाणी नुसती स्टेट बोर्डाची बारावी चालत नाही, जोडीला एपीसारख्या (अमेरिकेच्या विषयवार) परीक्षा किंवा पूर्वतयारीचं फाउंडेशन वर्ष लागतं. हे अकरावीच्या सुरुवातीला कळलं तर उपाय आहे, बारावीच्या दिवाळीत कळलं तर नाही. केंब्रिजला इंजिनिअरिंग आणि नॅचरल सायन्सेससाठी ईसॅट ही गणित-विज्ञानाची, तर इकॉनॉमिक्स आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी टीएमयूए ही गणिताची चाचणी द्यावी लागते. लंडनचं इम्पीरियल कॉलेजही या दोन्ही वापरतं. दोन्ही बहुपर्यायी, दोन्हींत कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे जेईईचा अभ्यास करणाऱ्याला त्या परक्या वाटत नाहीत. घोटाळा होतो तो नोंदणीत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि सगळ्या मेडिकल अर्जांची यूकासची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, ती स्वतः करायची आणि ती सप्टेंबरातच बंद होते. केंब्रिजसाठी ऑक्टोबरचीच परीक्षा धरतात, जानेवारीची नाही. कायद्यासाठी ऑक्सफर्ड, यूसीएल, एलएसई अशा काही ठिकाणी एलनॅट ही वेगळी चाचणी लागते.

जर्मनीबद्दल "फुकट शिक्षण" एवढंच ऐकून आलेले पालक खूप भेटतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून शुल्क सुरू केलं आहे. मुख्य अडचण पैशाची नाहीच, पात्रतेची आहे. नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. तांत्रिक आणि विज्ञान शाखांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड पात्र असाल तर थेट अर्ज करता येतो. किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचं पहिलं वर्ष पास व्हावं लागतं. तिसरी वाट श्टुडिएनकोलेगची: वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा. त्यात शिरायलाही जर्मन भाषेची, आणि तांत्रिक शाखेला गणिताचीही, चाचणी असते. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्येच चालतात, म्हणजे अकरावीपासून भाषा सुरू केली तरच बारावीअखेर बी-२ या पातळीच्या (बऱ्यापैकी सफाईनं बोलता-लिहिता येण्याच्या) आसपास पोचता येईल. शिवाय भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे. टेस्टअॅस नावाची अभिक्षमता चाचणी काही विद्यापीठं मागतात, काही दिल्यास फायदा देतात. ती यादीतल्या कागदावर बघूनच ठरवा.

डॉक्टर व्हायचं असेल तर जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, कुठेही जा, परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची तर जाण्याआधी नीट पात्र होणं बंधनकारक आहे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा, असा भारताचा २०२१ चा नियम आहे. "तिकडे नीट लागत नाही" असं सांगणारा एजंट खोटं बोलत नसतो, तो फक्त परतीचं सांगत नसतो. ब्रिटनच्या मेडिकलला, परतीसाठीच्या नीटखेरीज, यूकॅट ही तिथली प्रवेश चाचणीही लागते: जुलै ते सप्टेंबर, एका वर्षात एकदाच, आणि २०२५ पासून एकूण गुण २७००.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इथे बहुतांश ठिकाणी बारावी आणि इंग्रजीवर भागतं. वॉटर्लूला गणित किंवा कॉम्प्युटरसाठी जायचं असेल तर तिथली एप्रिलमधली युक्लिड स्पर्धा द्यावी, अर्जाला तिचा उपयोग होतो.

कागदपत्रं, जी अभ्यासापेक्षा जास्त छळतात

पहिला पासपोर्ट. परदेशी परीक्षांना तोच सर्वांत बिनघोर पुरावा, आणि पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. दहावीच्या सुट्टीत काढून टाका. मग नावाचा गुंता: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. परीक्षेची नोंदणी करताना पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट, लिहा. एका अक्षराचा फरक असेल तर गुणपत्रिकेची दुरुस्ती बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाकडून शाळेमार्फत आत्ताच करून घ्या, बारावीत त्याला वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. अमेरिकेचा कॉमन अॅप, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, नववी ते बारावीचे गुण, शाळेचा अहवाल, समुपदेशकाचं पत्र आणि शिक्षकांची शिफारसपत्रं मागतो. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. त्यात "इंटिग्रेटेड"ची पद्धत: नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि प्राध्यापक त्याला प्रॅक्टिकलच्या दिवशी पहिल्यांदा पाहतात. असा शिक्षक शिफारसपत्रात काय लिहिणार? "हुशार, शिस्तप्रिय, वर्तणूक चांगली." असं पत्र न दिलेलं बरं. बाहेर अर्ज करायचा हे ठरलं असेल तर जिथे वर्गात बसता येतं असं कॉलेज घ्या, किमान दोन शिक्षकांशी ओळख वाढवा, आणि पत्राची विनंती बारावीच्या जूनमध्ये करा. जाताना केलेल्या कामाचा एक पानी कागद न्या. सरांना ते आवडतं, त्यांचाही वेळ वाचतो. समुपदेशक हे पद बहुतेक कॉलेजांत नसतंच, तिथे उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जागा भरू शकतात. मात्र त्यांना संगणकावर फॉर्म कसा भरायचा हे शेजारी बसून दाखवावं लागतं, आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल वापरायला सांगावं लागतं.

ब्रिटनसाठी "प्रेडिक्टेड" गुण लागतात, म्हणजे बारावीला किती पडतील याचा शिक्षकांनी दिलेला अंदाज. स्टेट बोर्डाच्या कॉलेजांना याची सवय नसते. अकरावीचा निकाल आणि पहिल्या घटक चाचणीचे गुण घेऊन भेटा, म्हणजे त्यांना आकड्याला आधार मिळतो. हे ध्यानात आलं म्हणजे अकरावी "वाया घालवण्याचं वर्ष" कशी नाही तेही कळेल.

सॅटचा अभ्यास

आजची सॅट संपूर्ण संगणकावर, ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये होते. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत, एकूण १६००. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रत्येक विभागाचे दोन भाग, आणि पहिल्या भागात जसं सोडवाल तसा दुसरा भाग सोपा किंवा अवघड येतो. सोपा आला तर वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून पहिल्या भागात घाई करून केलेली चूक महागात पडते. २०२३ आधीची जाडजूड पुस्तकं सेकंडहँड स्वस्तात मिळतात, ती घेऊ नका. त्यांतले लांबलचक उतारे आता येतच नाहीत.

गणित आपल्या मुलांना सोपं वाटतं आणि तिथेच गुण गळतात. पातळी आपल्या नववी ते अकरावीची, पण प्रश्न शब्दांत गुंडाळलेला. असा एक प्रकार बघा: जिवाणूंची संख्या दर ४ तासांनी दुप्पट होते, आणि 'टी' दिवसांनंतरची संख्या सांगणारं सूत्र विचारलंय. पाठ केलेला हात लगेच घातांकात 'टी भागिले चार' लिहितो. पण 'टी' दिवसांत आहे, दिवसात चार तासांचे सहा टप्पे, म्हणून घातांक 'सहा टी'. पर्यायांत दोन्ही असतात. उपाय कंटाळवाणा पण हमखास: प्रश्नातलं एकक आधी कागदावर लिहायचं, मगच समीकरण. दुसरं, अॅपमध्ये डेस्मॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर असतो. बोर्डाच्या मुलांना कॅल्क्युलेटरशिवाय सोडवण्याचा अभिमान असतो. तो ठेवा, पण दोन वक्र कुठे छेदतात हे आलेखात दहा सेकंदांत दिसत असेल तर दोन मिनिटं वर्गसमीकरण सोडवत बसू नका. डेस्मॉस संकेतस्थळावर फुकट आहे, रोज दहा मिनिटं बोटांना सवय लावा.

खरी चढण वाचन-लेखनाची, विशेषतः मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना. उतारे छोटे, २५ ते १५० शब्दांचे, प्रत्येकावर एकच प्रश्न. त्यांतल्या विरामचिन्हांच्या प्रश्नांपासून सुरुवात करा, कारण ते नियमांवर चालतात आणि सर्वांत लवकर सुधारतात. मराठीत आपण "मी गेलो, तो भेटला नाही" असं स्वल्पविरामावर भागवतो. सॅटला ते चूक आहे. दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासोबत 'अँड', 'बट', 'सो' यांपैकी काहीतरी हवं. 'हाउएव्हर' हा शब्द हे जोडकाम करत नाही, त्याच्या आधी स्वल्पविराम टाकून पुढे गेलात की गुण गेला. एवढा एक नियम पक्का झाला तरी फरक दिसतो. शब्दसंग्रहासाठी याद्या पाठ करण्यापेक्षा रोज इंग्रजीतला एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाचा लेख वाचा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर "लेखकानं नेमका दावा काय केला" हे मराठीत एका वाक्यात लिहा. मराठीतच. दावा सापडला की प्रश्नाचं उत्तर बहुधा सापडतं.

साहित्याला खर्च जवळजवळ नाही. ब्लूबुकमधल्या पूर्ण सराव परीक्षा आणि खान अकॅडमीचा अभ्यासक्रम, दोन्ही मोफत. सराव परीक्षा मोजक्याच आहेत, त्या रविवारी-रविवारी उधळू नका. पहिली अकरावीच्या दिवाळीत, कुठे उभे आहोत ते बघायला. मग दीड-दोन महिने विषयवार अभ्यास, मग दुसरी. प्रत्येक परीक्षेनंतर एक वही: चुकलेला प्रश्न, माझं उत्तर, मी ते का निवडलं. "सिली मिस्टेक" हे कारण वहीत लिहायला बंदी. एकक पाहिलं नाही, उतारा अर्धा वाचला, वेळ संपला म्हणून अंदाज मारला, असं नेमकं लिहा. महिन्याभरानं तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील, त्यांच्यावरच काम करा. घरात स्वतः बसणारं मूल असेल तर क्लासची गरज नाही. बसत नसेल तर क्लास बसवण्याचंच काम करतो, आणि त्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही.

इंग्रजीची परीक्षा

आयईएलटीएसला सतरा-अठरा हजार रुपये लागतात आणि स्कोअर दोन वर्षं चालतो, त्यामुळे अकरावीत देण्याची घाई नको. बारावीच्या जून-जुलैत द्या. टोफेलचं स्वरूप आणि गुणांची पट्टी जानेवारी २०२६ पासून बदलली आहे, जुनी पुस्तकं तिथेही बाद. ड्युओलिंगोची चाचणी घरून, साधारण तासाभरात होते आणि बरीच स्वस्त आहे, पण यादीतली सगळी विद्यापीठं ती घेतात का ते बघा. काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर सूट देतात. एक ईमेल टाकून विचारा, उत्तर येतं.

बोलण्याच्या भागात आपली मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात आणि परीक्षकाला ते पहिल्या वाक्यात कळतं. "तुमच्या गावातल्या सणाबद्दल सांगा" म्हटलं की सगळे दिवाळी, दिवे, फराळ. नाशिकच्या मुलाकडे रंगपंचमीची रहाड आहे! तिवंधा चौकात जमिनीखालचा पेशवेकालीन हौद वर्षातून एकदा उघडतात, रंगानं भरतात, लोक त्यात उड्या मारतात. हे सांगताना शब्द अडखळले तरी बोलणं खरं वाटतं, आणि दोन मिनिटं भरायला पाठांतर लागत नाही. घरी फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला.

दोन वर्षांचं वेळापत्रक

सूत्र एकच ठेवा: परदेशी परीक्षा बारावीच्या दिवाळीआधी संपल्या पाहिजेत. त्यानंतर पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल, जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड अशी रांग लागते, आणि परदेशी प्रवेशही बहुतेक ठिकाणी बोर्डाच्या गुणांवर अवलंबून असतो. पहिली सॅट अकरावीच्या मार्च ते जूनमध्ये. दुसरी बारावीच्या ऑगस्टमध्ये. ऑक्टोबर ही राखीव. तिसऱ्यांदा देऊन फारसं वाढत नाही, आणि अनेक विद्यापीठं दोन प्रयत्नांतले विभागवार सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. अमेरिकेचे लवकरचे अर्ज १ नोव्हेंबरला, नेहमीचे १ जानेवारीच्या आसपास. त्या अर्जांतले निबंध ऑगस्टमध्ये लिहायला घ्या, गणपतीच्या सुट्टीत पहिला मसुदा व्हायला हवा. एपी देणार असाल तर ती मे महिन्यात असते. बारावीच्या मेमध्ये सीईटीची गर्दी, म्हणून अकरावीच्या मेमध्येच द्या.

परीक्षेचा दिवस

सॅटसाठी नोंदणी तीन-चार महिने आधी करा. नाशिकचं केंद्र दिसलं तर लगेच पकडा, नाहीतर ठाणे, मुंबई, पुणे. फी शंभर डॉलरच्या वर आहे आणि केंद्रावर सकाळी पावणेआठपर्यंत पोचायचं असतं. पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडहून सुटते तीच सातच्या सुमारास, म्हणजे तिच्या भरवशावर राहायचं नाही. पहाटे गाडीनं कसारा घाट किंवा समृद्धी पकडून जाता येतं, पण घाटात एक ट्रक आडवा झाला की वर्षाचं नियोजन कोलमडतं. आदल्या दिवशी जा, केंद्राच्या रिक्षाच्या अंतरात राहा. आणखी एक: ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या काळात शहरातून बाहेर पडणं आणि परत येणं किती वेळ खाईल याचा नेम नाही, म्हणून त्या वर्षी बारावीत असणाऱ्यांनी सॅट जूनपर्यंत उरकावी आणि यूकॅट जुलैत द्यावी.

लॅपटॉप स्वतःचा न्यायचा, ब्लूबुक फोनवर चालत नाही. परीक्षेआधीच्या पाच दिवसांत अॅपमध्ये 'सेटअप' पूर्ण करून प्रवेशपत्र काढा. विंडोजचं अपडेट आदल्या आठवड्यात उरकून घ्या, चार्जर आणि पेन सोबत ठेवा. बॅटरी तीन-चार तास टिकते का हे घरी एकदा चार्जर काढून तपासा. जुना लॅपटॉप असेल तर नातेवाइकांचा मागा, आणि त्याच लॅपटॉपवर एक पूर्ण सराव परीक्षा द्या.

निकालानंतर

बोर्डाचा निकाल मेमध्ये लागतो आणि मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी कॉलेजात येते. जर्मनीच्या हिवाळी सत्राची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै, आणि कागद तपासणाऱ्या युनि-असिस्टला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून ऑनलाइन प्रत हाती पडल्याच्या दिवशीच पुढचं सुरू करा. ब्रिटनची सशर्त ऑफर असेल तर निकाल लगेच विद्यापीठाला पाठवा. टक्के एक-दोनने कमी पडले तर गप्प बसू नका, प्रवेश विभागाला त्याच दिवशी लिहा, अनेकदा ते सांभाळून घेतात. अमेरिकेला अंतिम गुणपत्रक कॉलेजकडून थेट जावं लागतं. तोपर्यंत कॉलेजचे क्लार्क सुट्टीवर जातात, म्हणून मेच्या सुरुवातीलाच कोण असणार आहे ते विचारून ठेवा.

या सगळ्यात सीईटी द्या आणि कॅप राउंडचा फॉर्मही भरा. इथे जागा मिळाली तर ती व्हिसा हातात येईपर्यंत सोडू नका. प्रवेश रद्द केल्यास शुल्कातलं किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं हे सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, ते पैसे भरण्याआधी वाचा.